डोळ्याच्या पडद्याचं लेझर : नजर वाढवण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी



"लेझर केलं, पण काही फरक पडला नाही. उगीच हेलपाटा झाला." हे वाक्य तुम्ही शेजारी, नात्यात किंवा पालक सभेला आलेल्या एखाद्या आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल. मी ते माझ्या घरातच ऐकलं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बारा वर्षांपासून शुगर आहे. चष्म्याचा नंबर तपासायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी थेंब घालून आतून डोळा पाहिला आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम झालाय, लेझर करावं लागेल. उजव्या डोळ्यापासून सुरुवात झाली. तीन वेळा यायला सांगितलं होतं. अण्णा एकदाच गेले. "पहिल्यासारखंच दिसतंय, मग कशाला जायचं?" हा त्यांचा प्रश्न. मीही शाळेच्या कामात होतो, जोर लावला नाही.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला नीट देता आलं नाही. ते आज या लेखात देतो. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षक आहे. पण यातलं विज्ञान आपण वर्गात शिकवतो तेवढंच आहे: भिंग, प्रकाश, उष्णता आणि रंग. ते समजलं की लेझर कशासाठी करतात आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे घरातल्या कोणालाही सांगता येतं.

भिंग आणि कागद

बहिर्वक्र भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला आहे. भिंग सूर्याची किरणं एका ठिपक्यावर गोळा करतं आणि कागद तिथे काळा पडून धुमसतो. आता या प्रयोगात थोडा बदल करून बघा (आपल्या देखरेखीखालीच). कागदाचा अर्धा भाग पांढरा ठेवा, अर्धा काळ्या स्केचपेनने रंगवा. काळा भाग लवकर पेटतो, पांढरा वेळ घेतो. कारण काळा रंग प्रकाश शोषून घेतो आणि त्याची उष्णता होते.

आपल्या डोळ्यात हेच सामान आहे. पुढे पारदर्शक पारपटल, त्यामागे बाहुली, बाहुलीमागे भिंग. मध्ये जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला. आणि सगळ्यात मागे आतून चिकटवलेल्या पातळ कागदासारखं दृष्टिपटल, ज्याला आपण बोलताना 'डोळ्याचा पडदा' म्हणतो. याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. प्रकाशाचं चित्र याच्यावर पडतं आणि ते मज्जातंतूतून मेंदूकडे जातं. पडद्याच्या मधोमध एक छोटा भाग आहे, त्याला पीतबिंदू म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही बारीक कामं या एवढ्याशा जागेवर चालतात. बाकीचा पडदा कडेचं आणि अंधारातलं बघण्यासाठी.

पडद्याच्या मागच्या बाजूला मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याचा एक थर असतो. आपल्या प्रयोगातला हा 'काळा कागद'. लेझरचं सगळं काम या थराच्या जोरावर चालतं.

ग्रहणाने दिलेली कल्पना

ग्रहणाच्या दिवशी "सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका" असं आपण मुलांना बजावतो. २६ डिसेंबर २०१९ ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं, तेव्हा अनेक शाळांत ग्रहणाचे खास चष्मे वापरून मुलांना ते दाखवलं होतं. चष्मा का हवा? कारण डोळ्यातलं भिंग सूर्याचा ठिपका पडद्यावर आणतं आणि तिथे भाजतं. दुखत मात्र नाही, म्हणून मूल बघत राहतं.

जुलै १९४५ मध्ये युरोपात सूर्यग्रहण झालं. जर्मनीत गेर्ड मायर-श्विकेराट हे तरुण नेत्रतज्ज्ञ होते. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पडदा भाजलेला एक विद्यार्थी त्यांच्या तपासणीत आला. भाजल्याचा तो छोटा व्रण बघून त्यांच्या मनात आलं, की प्रकाशाने पडद्यावर नको तिथे व्रण होतो, तर हवा तिथे मोजून केलेला व्रण उपयोगी का पडणार नाही? पुढे त्यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश खोलीत आणून तो रुग्णाच्या डोळ्यात सोडण्याचं उपकरण बनवलं आणि त्याने पडद्यावर उपचार केले. पण ढग आले की काम बंद! म्हणून १९५० च्या दशकात झेनॉन वायूच्या प्रखर दिव्याचं यंत्र आलं.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर चालवून दाखवला. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो आणि त्यात अनेक रंग मिसळलेले असतात. लेझरचा प्रकाश एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा असतो, त्यामुळे तो अगदी बारीक ठिपक्यावर आणता येतो. काही वर्षांतच डोळ्याच्या डॉक्टरांनी तो हातात घेतला. १९६८ पासून आर्गॉन लेझरचा निळा-हिरवा प्रकाश पडद्यासाठी वापरला जाऊ लागला. आज बहुतेक ठिकाणी हिरवा लेझर असतो. हा हिरवा प्रकाश पारपटल, भिंग आणि जेली यांतून सरळ आरपार जातो, तिथे काही इजा करत नाही, आणि मागच्या काळ्या थरात शोषला जातो. म्हणूनच कुठे चिरा न देता, टाका न घालता डोळ्याच्या तळाशी काम करता येतं.

आत नेमकं काय होतं?

कढईत अंडं फोडलं की पारदर्शक बलक-भोवतालचा भाग क्षणात पांढरा होतो. उष्णतेने प्रथिनं गोठतात. लेझरचा ठिपका पडद्यावर पडला की तेवढ्याच जागी असं होतं. शुगरच्या पडद्यासाठी पूर्वीपासून चालत आलेल्या पद्धतीत एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा आणि त्याला लागणारा वेळ सेकंदाचा दहावा भाग. नव्या यंत्रांत तो त्याहूनही कमी. काही आठवड्यांत त्या जागी घट्ट व्रण तयार होतो. म्हणजे लेझर पडद्याचा थोडासा भाग जाणूनबुजून जाळतं. "हा कसला उपचार?" असं वाटेल. त्यासाठी तीन उदाहरणं बघू.

१) शुगरचा पडदा

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. काही झिरपतात, काही बंद पडतात. बंद पडल्या त्या भागाला प्राणवायू मिळत नाही. मग तो भाग रसायनांच्या रूपाने हाका मारू लागतो: "रक्त पाठवा, रक्त पाठवा." त्या हाकेला उत्तर म्हणून नव्या रक्तवाहिन्या उगवतात. पण त्या इतक्या नाजूक असतात की केव्हाही फुटतात. डोळ्यात रक्त उतरतं, किंवा त्यांच्यासोबत वाढलेल्या तंतूंनी पडदा ओढला जाऊन सुटतो.

आता दुष्काळातल्या शेतकऱ्याचा विचार करा. विहिरीला पाणी थोडं, जमीन जास्त. तो काय करतो? कडेच्या वावराचं पाणी तोडतो आणि घराजवळची बाग जगवतो. डॉक्टर हेच करतात. मधला पीतबिंदू सोडून कडेच्या पडद्यावर ठिपके देतात. एका डोळ्याला हे ठिपके साधारण १२०० ते १६०० लागतात, म्हणून दोन-तीन वेळा बोलावतात. कडेच्या भागाची प्राणवायूची मागणी कमी झाली की हाका थांबतात, नव्या वाहिन्या सुकू लागतात आणि मधली नजर वाचते.

अण्णांनी एकदाच जाऊन काय केलं, ते आता लक्षात आलं असेल. एक तृतीयांश वावराचं पाणी तोडलं, बाकीचं सुरूच राहिलं.

याचा उपयोग होतो हे कशावरून? १९७० च्या दशकात अमेरिकेत १५ केंद्रांवर सतराशेहून जास्त रुग्णांचा अभ्यास झाला. पद्धत आपण वर्गात समजावून सांगावी अशी आहे. प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्यावर असा उपचार केला आणि दुसरा तसाच ठेवला. माणूस तोच, शुगर तीच, औषधं तीच. फरक फक्त उपचाराचा. उपचार केलेल्या डोळ्यांत नजर फार खालावण्याचा धोका निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता, की १९७६ मध्ये अभ्यास संपायची वाट न बघता धोक्यात असलेल्या दुसऱ्या डोळ्यांनाही उपचार द्यायला सुरुवात केली.

२) पडद्याला पडलेली फट

डोळ्यातली जेली वयानुसार आकसते आणि पडद्यापासून सुटते. सुटताना कधी कधी ती पडदा फाडते. मायनसचा मोठा नंबर असणाऱ्यांना हा धोका जास्त. चेंडू, विटी, दगड डोळ्याला जोरात लागला तर लहान मुलांनाही फट पडू शकते. फटीतून पाणी मागे शिरलं, की भिंतीचा ओला झालेला पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो.

शर्टाचं काज आठवा. काजाभोवती घातलेले टाके भोक बुजवत नाहीत, पण ते पुढे फाटू देत नाहीत. लेझर फटीभोवती असेच ठिपक्यांचे दोन-तीन वेढे घालतं. ते व्रण पडदा मागच्या थराला चिकटवून ठेवतात. हे चिकटणं पक्कं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. मात्र पडदा मोठ्या प्रमाणात सुटल्यावर एकट्या लेझरने भागत नाही, मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून वेळ महत्त्वाची.

३) वेळेआधी जन्मलेलं बाळ

बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात मधून कडेकडे वाढत जातात आणि नऊ महिने भरत येतात तेव्हा कडेला पोहोचतात. बाळ लवकर जन्मलं तर कडेचा भाग वाहिन्यांविना राहतो. तिथेही तीच हाक आणि त्याच नको त्या वाहिन्या. म्हणून आपल्या देशात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासावा असं ठरलेलं आहे. फारच लवकर जन्मलेल्या बाळाचा त्याहीआधी. आजार उपचाराच्या टप्प्यावर असेल तर दोन-तीन दिवसांत लेझर करावं लागतं. बाळ हसतं, आवाजाकडे वळतं, डोळे बाहेरून छान दिसतात, त्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. आपल्या शाळेत आणि अंगणवाडीत येणारं आरोग्य पथक याच कार्यक्रमाचं.

"दिसतंय की चांगलं" हा पुरावा नाही

वरच्या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. उपचाराची योग्य वेळ येते तेव्हा माणसाला बहुतेक वेळा चांगलं दिसत असतं. अक्षरांचा तक्ता वाचून फक्त पीतबिंदूची परीक्षा होते. कडेला काय चाललंय ते तक्त्यावर कळत नाही, त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करूनच बघावं लागतं.

आणि म्हणूनच लेझरनंतर 'फरक' जाणवत नाही. बांध घातल्याने वाहून गेलेली माती परत येते का? येत नाही. पण राहिलेली माती टिकते. पुढच्या पावसात शेजारच्या वावरात ओघळ पडतात, तेव्हा बांधाची किंमत कळते. लेझर हा बांध आहे. गेलेली नजर आणून देण्याचं वचन त्यात नाही. त्यामुळे "आधीसारखंच दिसतंय" ही तक्रार नसून चांगली बातमी आहे.

त्या दिवशी काय होतं?

भीती बरीचशी माहिती नसल्यामुळे असते, म्हणून क्रमाने सांगतो.

१. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात. अर्धा तास तरी जातो.
२. बधिर करायचे थेंब घालतात. बहुतेक मोठ्या माणसांना भूल द्यावी लागत नाही, ॲडमिटही व्हावं लागत नाही.
३. यंत्रासमोर बसून हनुवटी टेकवायची. डॉक्टर डोळ्यावर एक खास भिंग धरतात.
४. हिरवे झगझगीत प्रकाश चमकतात. काही ठिपक्यांना आत टोचल्यासारखं किंवा ठणकल्यासारखं वाटतं. सहन होत नसेल तर सांगावं, पण डोकं मागे घेऊ नये.
५. एका वेळचं काम साधारण दहा ते वीस मिनिटांत होतं.
६. नंतर काही वेळ अंधारी आल्यासारखं आणि दिवसभर धूसर दिसतं. त्या दिवशी गाडी चालवू नये. सोबत कोणीतरी असावं.

तोटेही लपवू नयेत. शुगरसाठी पूर्ण लेझर केल्यावर अंधारात दिसणं आणि कडेचं दिसणं काही जणांत थोडं कमी होतं. काहींना काही काळ वाचताना धूसर वाटतं. कडेच्या वावराचं पाणी तोडल्याची ती किंमत आहे. हे आधी सांगितलं तर माणूस नंतर घाबरत नाही.

काही गैरसमज

'लेझर' हा एकच शब्द तीन-चार कामांना वापरतात, त्यामुळे गोंधळ होतो. चष्मा घालवायचं लेझर पुढच्या पारपटलाचा आकार बदलतं, त्याचा पडद्याशी संबंध नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागची पातळ झिल्ली धुरकट झाली तर ती लेझरने उघडतात. तिथे मात्र खरंच लगेच स्वच्छ दिसतं. "शेजारच्या काकूंना लेझरने लगेच दिसायला लागलं, मग मला का नाही?" याचं उत्तर इथे आहे. काकूंचं लेझर वेगळं होतं.

दुसरा प्रश्न इंजेक्शनचा. शुगरने पीतबिंदूला सूज आली आणि नजर कमी झाली, तर आज बहुतेकदा डोळ्यात इंजेक्शन देतात. ते 'रक्त पाठवा' ही हाकच दाबून टाकतं. त्याने काही रुग्णांची नजर सुधारतेही. पण त्याचा परिणाम काही आठवडे राहतो, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागतं. ज्यांना दर महिन्याला गावाहून शहरात जाणं जमणार नाही, त्यांना लेझरचा व्रण कायमचा आधार देतो. काय निवडायचं ते डॉक्टर ठरवतील, पण "आम्हाला वारंवार यायला जमणार नाही" हे त्यांना स्पष्ट सांगणं आपलं काम आहे.

आपण काय करू शकतो?

- घरात कोणाला शुगर असेल तर निदान झालं त्याच वर्षी आणि नंतर दरवर्षी पडदा तपासून घ्या. लहानपणीच इन्सुलिनवर असलेल्या मुलांची तपासणी कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारा.
- शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर डोळ्यांची तपासणी लवकर करा.
- अचानक काळे ठिपके किंवा जाळं दिसलं, अंधारात वीज चमकल्यासारखं झालं, कडेने पडदा ओढल्यासारखा वाटला, तर उद्यावर ढकलू नका.
- लेझरच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. ठरलेल्या सगळ्या वेळा पूर्ण झाल्या तरच उपचार पूर्ण. आणि साखर, रक्तदाब ताब्यात नसेल तर बांधावरूनही पाणी जातं.
- जत्रेत मिळणारी हिरवी-लाल 'लेझर लाइट' मुलांच्या हातात देऊ नका. दवाखान्यात तोच प्रकाश मोजून, पीतबिंदू वाचवून वापरतात. खेळात तो थेट पीतबिंदूवर पडू शकतो आणि तिथला व्रण भरून येत नाही. दप्तरात दिसली तर काढून घ्या आणि मुलांना भिंग-कागदाचा प्रयोग करून कारणही दाखवा.

शेवटी अण्णांचं

पहिल्या लेझरनंतर आठ महिन्यांनी एका सकाळी अण्णांच्या उजव्या डोळ्यासमोर काळं जाळं आलं आणि दुपारपर्यंत त्या डोळ्याने बोटंही मोजता येईनात. आत रक्त उतरलं होतं. शस्त्रक्रिया झाली. त्या डोळ्याने आता दारात उभा असलेला माणूस दिसतो, चेहरा ओळखता येत नाही. डाव्या डोळ्याचं लेझर मात्र आम्ही ठरलेल्या तिन्ही वेळा जाऊन पूर्ण केलं. तिसऱ्या वेळी परत येताना एस.टी.त अण्णा म्हणाले, "काही फरक वाटत नाही रे." मी म्हटलं, "अण्णा, तोच तर पाहिजे."

आज ते डाव्या डोळ्याने पेपर वाचतात. नातीच्या वहीतल्या चुका काढतात.

पुढच्या पालक सभेत पाच मिनिटं या विषयाला द्या. आलेल्या आजी-आजोबांना एवढंच विचारा, "शुगर आहे का? आणि पडदा शेवटचा कधी तपासला?"